सुधारलेला बोकड

...आणि तोंड वर करून मलाच सांगतात, सुधारलाय म्हणे! काय सुधारलाय? चांगल्या धडधाकट बोकडाची शिंगं अर्धी कापली, पाठीवर पत्र्याचं चिलखत चढवलं, गळ्यात लुकलुकणारे दिवे बांधले, आणि म्हणे सुधारलाय! नाही, हसू नका तुम्ही, खऱ्या बोकडाचं नाही सांगत मी, तिसऱ्या मजल्यावर कुठला आलाय खरा बोकड, मी सांगतेय टीव्हीवरच्या मारामारीच्या खेळाचं, व्हिडिओ गेम हो, माझ्या नातीचा. म्हणजे नातीचा म्हणून घरात आला, पण गाजवला मी! आता तुम्ही मनात म्हणाल, सत्तरीला टेकलेली बाई, एक अक्षर वाचता येत नाही, आणि ही मारामाऱ्या करते? करते! करत होते म्हणा... तेच तर रडगाणं आहे, ऐका.

पहिला भाग आला तेव्हा नात म्हणाली, "आजी, तू नुसती बघ हं, तुला नाही जमायचं, फार बटणं आहेत." बटणं! अगं, म्हटलं, बत्तीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात शर्टांना बटणंच लावत होते मी, पायाखाली पेडल, हाताखाली कापड, खटखटखट, एका दमात सात बटणं आणि आठवं कॉलरचं, सुपरवायझर मागे उभा राहून बघायचा की ही बाई आहे का मशीनचाच भाग आहे, आणि तू मला बटणांची भीती घालतेस? आण इकडे! घेतलं ते दोन मुठींचं यंत्र हातात, आणि तुम्हाला सांगते, अंगठा असा बसला त्यावर, जसा काही त्याच्यासाठीच घडवला होता.

आणि खेळ किती सरळ होता हो तो! एका इमारतीची गच्ची, गच्चीवर चौघे, चौघांनी एकमेकांना ढकलायचं, तिघांनी पडायचं, जो उरेल तो जिंकला. संपलं! यात न कळण्यासारखं काय आहे? संसाराहून सोपं! एक अक्षर नव्हतं त्यात, ना पाटी ना सूचना ना नियम, नुसती चित्रं. ज्याला डोळे आहेत त्याने खेळावं. नात घ्यायची ते पत्र्याचं डबडं, हातपाय असलेलं. सून घ्यायची तो जाडा पैलवान... आमची सून दवाखान्यात रक्त तपासते, दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचून घरी येते, आणि गच्चीवर मात्र कुणाला मारायचं म्हटलं की "सॉरी हं" म्हणून मारते, सगळ्यांत आधी पडायची बिचारी. मुलगा खेळत नाही, तो लिफ्ट दुरुस्त करतो, तो म्हणतो, "मी दिवसभर माणसं खाली पडू नयेत म्हणून राबतो आई, घरी येऊन त्यांना ढकलू कुठे?" आणि मी? मी घ्यायचे बोकड. पांढरा, दाढीवाला, डोळ्यात खुन्नस, आणि शिंगं अशी, अशी मागे वळलेली, दोन कोयतेच! मागे चार पावलं सरायचा, खूर घासायचा, आणि धाड! समोर कोण आहे, किती मोठा आहे, किती शिकलाय, काही बघायचा नाही.

आणि चौथं कोण? चौथ्या आमच्या विहीणबाई.

आता विहीणबाईंचं सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढची गंमत... गंमत कसली, पुढचा घात कळायचा नाही तुम्हाला. विहीणबाई म्हणजे सुनेची आई. जिन्यावरून घसरल्या, पाय मोडला, आणि प्लास्टर निघेपर्यंत म्हणून पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे आल्या. त्याला आता दोन वर्षं होतील. प्लास्टर निघालं, काठी आली, काठी गेली, विहीणबाई आहेत! असू दे, माझं काही म्हणणं नाही, दोन घास आणि एक खोली, पण बाई मास्तरीण! पस्तीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं, आणि ते व्याकरण अजून संपलेलं नाही. मी म्हटलं "दूध उतू गेली" की आतून आवाज, "गेलं. दूध ते. नपुंसकलिंग." अहो, गॅस बंद करा आधी, लिंग मग बघू! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आमच्या म्यानात एक तलवार आणि एक लाल शाईचं पेन!

पण तुम्हाला सांगते, त्या पहिल्या भागाने आमचं घर राखलं. कसं? असं की, दिवसभर तोंडाशी आलेलं जे बोलायचं नसतं ना, विहीण पडली, सुनेची आई पडली, बोलणार कसं, ते सगळं मी गिळायचे, बोकडाच्या शिंगांवर ठेवायचे, आणि दुपारी चार वाजता पोचतं करायचे. सकाळी त्या म्हणायच्या, "विहीणबाई, ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नये, शिस्त असते एक." मी गप्प. अगदी गाईसारखी गप्प. चार वाजता... खूर घासला, धाड! त्या खेळायला घ्यायच्या ती पंखवाली पोरगी कठड्यावरून थेट खाली. मी विचारायचे, "टॉवेल पडला का हो?" आणि त्याही काही कमी नव्हत्या, ओठ दाबून म्हणायच्या, "पुन्हा लावा." पुन्हा लावला, पुन्हा धाड! दीड वर्षं, रोज, धाड! सून कौतुकाने शेजारणीला सांगायची, "आमच्या दोघी आया किती गोडीने राहतात!" गोडीने! विचार त्या पंखवालीला!

आणि खरं सांगू का, हसू नका, साऱ्या जन्मात मला त्या एका गच्चीवर वाटलं की मी कुणाहून कमी नाही. दवाखान्याचा कागद आला, दुसऱ्याला वाचायला द्या. औषधाची बाटली, दुसऱ्याला विचारा. बसची पाटी, दुसऱ्याला विचारा. आणि इथे पस्तीस वर्षं शिकवलेली बाई माझ्या अंगठ्याखाली! कुणाला काही विचारावं लागत नव्हतं हो.

आणि मग आला दुसरा भाग.

नात नाचतच आली, "आजी, दुसरा भाग आला! सुधारलाय गं!" म्हटलं, पहिल्याला काय धाड भरली होती? "तसं नाही गं, दुकानदार म्हणाला, सगळंच सुधारलंय. चित्र किती स्वच्छ बघ." बघितलं. पैलवानाच्या अंगावरचा घाम दिसत होता. मी म्हटलं, पूर्वी नुसता मारायचा, आता घामाघूम होऊन मारतो, मला काय फरक पडला? "चाळीस लढवय्ये आहेत!" म्हटलं, हात माझे दोनच आहेत. "आणि आजी, आता आपल्या भाषेत आहे!" अगं पण पहिल्याला भाषाच नव्हती, म्हणून तर मला कळत होता! सुधारलाय म्हणे!

मग आणला माझा बोकड समोर. मी ओळखलाच नाही. चिलखत, दिवे, आणि शिंगं... तुम्हाला सांगते, इतकीशी, उगवत्या दातासारखी. मी धडक मारली तर समोरचा पडेना, नुसता मागे सरकला आणि अंग झटकलं, जशी काही माशी बसली. म्हटलं, अगं, याला झालंय काय? तर नात म्हणते, "आजी, त्याला म्हणतात समतोल साधणं. बोकड फार भारी पडायचा ना, लोकांनी तक्रारी केल्या असतील, म्हणून कमी केला." तक्रारी? कुणी केल्या तक्रारी? आणि मी सावकाश मान वळवली, तर विहीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, अशा, अगदी पाखरं मोजत असल्यासारख्या. आयुष्यभर अर्ज आणि निवेदनं लिहिलेली बाई... "महोदय, बोकडाची शिंगं अवाजवी लांब असून..." नसेल लिहिलं. पण लिहिलंच नसेल असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही मी.

बरं, हेही सोसलं असतं. पण या दुसऱ्या भागात मारामारी सुरू व्हायच्या आधी पडद्यावर तीन पाट्या येतात. तीन! प्रत्येकीवर एक शब्द. त्यातली एक निवडायची, दहा आकडे मोजून होईपर्यंत. काही पाट्या वरदान असतात, घेतली की तुमच्या गड्याला बळ चढतं, आणि काही असतात सापळा, घेतली की गडी निम्मा होतो. कुठली कुठली, ते वाचून ठरवायचं. वाचून! अहो, मारामारीला जाताना कुणी वाचून जातं का? आणि शेवट तरी सरळ ठेवायचा! पूर्वी उभा राहील तो जिंकला, आडवा तो हरला, लहान पोराला कळेल. आता नाही! आता वेळ संपली की गुण मोजतात, आणि दोघेही नाचतात. जिंकला तो नाचतो, हरला तोही नाचतो, म्हणे खेळाडूचं मन दुखावू नये! आणि मग ज्याच्या-त्याच्या गड्याखाली अक्षरं येतात, त्यात निकाल असतो. म्हणजे मी जिंकले का हरले, हेही मला दुसऱ्याला विचारायचं. सुधारलाय म्हणे!

पहिले चार दिवस नात वाचून दाखवायची. मग तिच्या ध्यानात आलं की हा खेळ आता साऱ्या जगाशी खेळता येतो. झालं! कानांवर झाकणं घातली, आपल्या खोलीत गेली, दार लावलं, आणि आतून आवाज, "उजवीकडून या! मला वाचवा!" मी दोनदा धावत गेले हो वाचवायला! तर म्हणते, "तुला नाही आजी, टीमला." टीम कुठे आहे? "कुणी कुठे, कुणी कुठे." सुनेची पाळी बदलली, ती दुपारी दवाखान्यात. चौघी एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसायचो, कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत, आणि आता साऱ्या जगाशी खेळता येतं म्हणून बाकावर उरल्या दोघी. मी आणि विहीणबाई.

आणि तेव्हा विहीणबाई काय म्हणाल्या माहितीय? चष्मा पुसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही कशाला काळजी करता? मी वाचून दाखवीन ना."

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! खोटं नाही सांगत. म्हटलं, बघा, माणसाची किती परीक्षा चुकते आपली, टॉवेलावरून काय काय मनात आणलं मी या बाईबद्दल. त्या दिवशी टॉवेल मुद्दाम दोरीवर टाकला मी.

सुरू झालं. पाट्या यायच्या. विहीणबाई बोट दाखवून शांतपणे वाचायच्या, "ही डावीकडची 'दुबळा', मधली 'चपळ', उजवी 'आंधळा'. बघा बाई, तुमची मर्जी." मर्जी कसली, मी घ्यायचे चपळ. आणि बोकड... बोकड असा चालायचा, जशी काही चिखलातून म्हैस. मी बटण दाबते आज, तो शिंग उगारतो उद्या! तोवर पंखवाली येऊन तीन लाथा घालून, केस सारखे करून परत जागेवर. मग दोघांचा नाच, मग अक्षरं, मग विहीणबाई घसा खाकरून, "अरेरे, विहीणबाई... तुम्ही हरलात हो." एकदा हरले, म्हटलं, होतं असं. दोनदा हरले, म्हटलं, नवा खेळ आहे. दहादा हरले. वीसदा हरले. मी म्हणायचे, हा खेळच वाईट आहे, पहिला चांगला होता. तर त्या काय म्हणाव्यात? "नाचता येईना, अंगण वाकडं!" आणि तेही हसून, लिंग-वचन सांभाळून!

एकेचाळीस वेळा, तुम्हाला सांगते. एकेचाळीस वेळा ओळीने हरले मी. आणि हरण्याचं दुःख नव्हतं हो... मला वाटायला लागलं की माझे हात गेले. बत्तीस वर्षं ज्या हातांवर घर चाललं, ते हात गेले. चहाचा कप उचलताना मी अंगठ्याकडे बघायचे, थरथरतोय का? सुई ओवताना बघायचे. डॉक्टरकडे गेले, त्याने एकेक बोट दाबून पाहिलं, म्हणतो, "आजीबाई, बोटं ठणठणीत आहेत, करता काय तुम्ही?" म्हटलं, मारामारी. त्याने सुनेकडे बघितलं, सुनेने छताकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "आई, वय झालं की वेग कमी होतो गं. लिफ्टचंही तसंच आहे." पोटचा पोर, आणि मला लिफ्ट म्हणाला! शेवटी एका दुपारी मी ते यंत्र पुसलं, तार गुंडाळली, आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिलं. विहीणबाईंना म्हटलं, आता तुम्ही नातीबरोबर खेळा, माझं झालं. त्यांनी चष्मा तेवढा पुसला.

आता इथे नीट ऐका, खाकरू नका कुणी.

मला वाचता येत नाही. पण मला दिसतं! आणि एकदा दिसलेलं जात नाही. कारखान्यात मापाच्या चिठ्ठ्या यायच्या शर्टांवर, त्या मी वाचायचे नाही, ओळखायचे, जशी तुम्ही माणसं ओळखता. अक्षर वाचता आलं नाही तरी अक्षराचा चेहरा असतो की नाही? त्या दिवशी खणात यंत्र ठेवून मी पडले होते डोळा लागावा म्हणून, आणि डोळ्यांपुढे त्या पाट्या यायला लागल्या, एकामागून एक. त्यात एक पाटी. दोनच अक्षरांची. पहिलं अक्षर डावीकडे गाठ मारलेलं, सरळ उभ्या काठीचं, डोक्यावर टिकली. दुसरं पोट सुटलेलं, गाठ बांधलेलं, खाली शेपूट. आणि मला आठवलं... ही टिकलीवाली मंगळवारी 'चपळ' होती. माझ्या कानांनी ऐकलं, 'चपळ'. मग गुरुवारी तीच टिकलीवाली 'बळकट' कशी झाली? आणि शनिवारी 'वेगवान'? अहो, एक बाई आठवड्यात तीन वेळा नाव बदलते का?

उठून बसले! मशीनच्या खणात कापडावर खुणा करायचा खडू होता, एक काळं चिंधूक घेतलं, आणि जशी दिसत होती तशी ती पाटी काढली त्याच्यावर. घामाघूम झाले, त्या पैलवानासारखी. सून घरी आली, चपला काढायच्या आत तिच्यासमोर धरलं, म्हटलं, वाच. सुनेचा चेहरा असा उजळला! "आई! तुम्ही लिहायला लागलात? किती सुरेख अक्षर!" आणि मग तिने वाचलं, आणि चेहरा पडला, हळूच मला म्हणते, "पण आई... हे कुणी म्हणालं तुम्हाला?" म्हटलं, आधी काय लिहिलंय ते बोल. तर ती घुटमळत म्हणाली, "मंद."

मंद!

म्हणजे गेला महिनाभर मी रोज चार वाजता स्वतःच्या अंगठ्याने, हौसेने, मंद घेत होते! आणि ही बाई, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून... केसाने गळा कापला हो! टॉवेल दोरीवर टाकायला लागले होते मी हिच्यासाठी!

गेले तशीच. विहीणबाई पुस्तक वाचत होत्या. चिंधूक ठेवलं पानावर. म्हटलं, वाचा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, म्हणाल्या, "हल्ली चष्म्याचा नंबर..." म्हटलं, नंबराचं राहू द्या, पाटीवर तीन बोटांची अक्षरं असतात. तशी त्यांनी पुस्तक मिटलं. मग एकदम उसळल्या, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, "आणि तुम्ही? तुम्ही काय कमी केलंत? दीड वर्षं मला कठड्यावरून ढकलत होतात! नऊशे बारा वेळा!" म्हटलं, मोजलंत? "मोजलं! हजेरी घ्यायची सवय आहे मला." मी म्हटलं, ढकललं ते समोरून ढकललं, शिंग दाखवून ढकललं, 'या हो, तुम्हाला उडायला मदत करते' असं म्हणून नाही ढकललं! त्यावर बाईचा आवाजच खाली आला. म्हणाल्या, "पस्तीस वर्षं वर्गात कुणाची टाप नव्हती माझ्यापुढे. आणि इथे लेकीच्या घरी बसले, पाय असा, काम काही नाही, आणि रोज एक बोकड... मला फक्त एकदा जिंकायचं होतं हो."

एकदा? म्हटलं, एकेचाळीस वेळा जिंकलात!

तर म्हणतात, "सवय लागते."

मी नातीचं दार ठोठावलं, म्हटलं, काढ तो पहिला भाग, आत्ताच्या आत्ता काढ. ती कानाचं एक झाकण बाजूला करून म्हणाली, "आजी, पहिला नाही राहिला. दुसरा त्याच्याच जागी येतो. तो घातला की जुना पुसला जातो, आणि आता तो मिळतही नाही कुठे." गेला. गच्ची गेली, शिंगं गेली, सगळं गेलं. सुधारलाय म्हणे! अहो, सुधारायला तरी शिल्लक ठेवायचा होता!

परत आले बाकावर. विहीणबाई तशाच बसलेल्या. मला एकदम सुचलं, म्हटलं, थांबा! पाट्या खोट्या वाचल्यात, म्हणजे निकालही खोटे वाचले असतील! त्या एकेचाळिसातले किती मी जिंकलेले होते, बोला! तर ती बाई ताडकन उठली, मोडलेल्या पायावर उठली, कशाचा आधार न घेता! "पाट्यांचं केलं मी, कबूल. पण निकाल? पस्तीस वर्षं निकाल लावलेत मी. हेडमास्तरांचा पोरगा नापास केलाय. निकालाला मी हात लावत नाही!" म्हटलं, कशावरून? तर म्हणाल्या, "वाचायला शिका. आणि बघा स्वतःच्या डोळ्यांनी."

पेटले मी! म्हटलं, शिकवा! तुमच्याचकडून शिकते आणि तुमचीच चोरी पकडते! आणि काय सांगू, खेळायला बसली की लबाड असलेली ती बाई, शिकवायला बसली की दुसरीच. खेळाच्या खोक्याचं पुठ्ठं फाडून त्याच्या पाट्या केल्या. कमळ नाही, बदक नाही, पहिला धडा धडक, दुसरा धडा ढाल, तिसरा वार. मी चुकले की म्हणायच्या, "पुन्हा." मी म्हणायचे, बोकडाला एवढं शिकावं लागलं नाही. "म्हणूनच त्याची शिंगं गेली. पुन्हा." भांडायलाही फुरसत मिळेना, बघा! दोन महिने. चहा गार व्हायचा, टॉवेल कुठे पडलाय ते दोघींनाही कळायचं नाही. सून दारातून बघायची आणि दबक्या पावलांनी जायची.

मग गेल्या सोमवारी यंत्र काढलं खणातून. तार सोडली. विहीणबाई शेजारी, नात दारात, कानांची झाकणं गळ्यात. पाट्या आल्या. मी बोट ठेवून वाचलं, "आं... ध... ळा", नको. "मं... द", तुला तर ओळखते मी, भवाने! तिसरी, "च... प... ळ." घेतली! आणि बोकड धावला हो! शिंगं इतकीशी, चिलखत खणखणतंय, पण असा धावला, की माझा अंगठा आणि तो एकच झाले. पंखवाली उडाली, मी खाली वाट बघत थांबले, ती उतरली, धाड! ती मागून आली, मी वळले, धाड! विहीणबाई बाकावर इकडून तिकडे झुकतायत, मी झुकतेय, डोक्याला डोकं आपटलं खरोखरचं, तरी कुणी हातातलं यंत्र सोडलं नाही. हात गेले नव्हते माझे! हे हात होते तसेच होते! वेळ संपली. दोघे नाचायला लागले. आणि माझ्या बोकडाखाली अक्षरं आली.

विहीणबाईंनी तोंड उघडलं, मी म्हटलं, खबरदार! आज मी वाचणार. बोट धरलं हवेत. "तु..." मग एक अर्धंच अक्षर, पाय तोडलेलं, ते त्या पुढच्याच्या खांद्यावर बसलेलं, "म्... ही. तुम्ही." नात टाळ्या वाजवायला लागली, मी म्हटलं, गप्प! "ह... र... ला..."

शेवटचा 'त' वाचलाच नाही मी. वाचायची गरजच उरली नाही.

तुम्ही हरलात! सत्तर वर्षांत माझं मी वाचलेलं पहिलं वाक्य! आणि या अक्षरांचा चेहरा तर मी एकेचाळीस वेळा बघितलेला, म्हणजे विहीणबाईंनी हात लावला नव्हता निकालाला, हेही त्यातच आलं. बाईने एवढी एक गोष्ट माझ्याशी खरी केली होती, आणि नेमकी तीच! तेव्हापासून रोज चार वाजता खेळतो आम्ही. पाट्या माझ्या मी वाचते. पण तुम्हाला सांगते, अडाणी होते ना, तेव्हा नाच संपला, अक्षरं आली, की विहीणबाई चष्मा पुसणार, घसा खाकरणार, मग वाचणार, तेवढे दोन श्वास मला रोज वाटायचं... जिंकले असेन. आता ते दोन श्वासही गेले. अक्षर दिसलं की वाचूनच होतं, थांबवता येत नाही हो! म्हणून हल्ली नाच सुरू झाला की मी डोळे घट्ट मिटून घेते, आणि म्हणते, "वाचा हो विहीणबाई, तुम्हीच वाचा... पण जरा सावकाश."